एक कोटी किलोमीटरची साखळी

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तोंडी बोललेलं माणसं दुसऱ्या दिवशी नाकारतात. तारीख घालून लिहिलेलं नाकारता येत नाही. म्हणून ही वही. ती कपाटाच्या वरच्या खणात, मोजणीच्या साखळीच्या पेटीखाली राहील आणि किल्ली माझ्या खिशात.

नगरपालिका कालव्याच्या कडेचा रस्ता गाड्यांना बंद करून लोकांना फिरायला मोकळा करते आहे. पावणेसहा मैल, एकही वळण नाही. तिथं लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी हवं, म्हणून मोठ्या साहेबांनी आज गावातल्या जाणत्या लोकांना बोलावलं होतं. कुणी म्हणालं कारंजी, कुणी म्हणालं पुतळे. मी म्हणालो, सूर्यमाला. या टोकाला सूर्याचा दगड, पुढे एकेका ग्रहाचा, खऱ्या अंतरांच्या प्रमाणात. आणि अंतरं साखळी-कडीत लिहायची. या गावातली सगळी जमीन साखळीने मोजली गेली, त्या रस्त्यावर मैलाचे जुने दगड अजून उभे आहेत. मग आकाशानेच काय पाप केलं?

सगळे हसले. जावई तेवढे हसले नाहीत. ते नगरपालिकेतच इंजिनिअर आहेत, तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून मोजणारे. नोकरी अजून कायम नाही, पुढच्या महिन्यात व्हायची आहे. ते उठून म्हणाले, "बाबांची कल्पना चांगली आहे." चारचौघांत सासऱ्याची बाजू घेणारा जावई मी आजवर पाहिलेला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

साहेबांनी कोष्टक मागितलं आहे. पसंत पडलं तर सूर्याच्या दगडावर खाली माझं नाव कोरणार: मोजणी अमुक यांची. मी सातवी पास माणूस. पुढचं सगळं म्हाताऱ्या मोजणीदाराच्या मागे साखळी ओढत आणि रद्दीतली पुस्तकं वाचत शिकलो. त्या नावासाठी कुणी आडवं येणार नाही, असं समजायला मी दूधखुळा नाही.

८ नोव्हेंबर

सकाळपासून एकच गणित. सूर्य सरासरी १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर. साखळी म्हणजे सहासष्ट फूट, मीटरमध्ये २०.११६८. हातानेच भागाकार केला, कारण यंत्राच्या पोटात काय चालतं ते दिसत नाही. उत्तर: ७४३ कोटी ६४ लाख ६४ हजार ५८१ साखळ्या आणि ८४ कड्या. दोनदा ताळा केला.

हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि त्या चौऱ्याऐंशी कड्या नसत्या तर सूर्य उगवला नसता का?"

बायकोला काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, असं लिहिणार होतो. पण तिचं अगदीच चूक नाही. एवढा आकडा दगडावर कोरला तर वाचणार कोण?

९ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! दाढी अर्धी टाकून लिहितो आहे.

साखळीच्या कड्या शंभर. आणि एका कोटीत लाख शंभर. एक साखळी म्हणजे एक कोटी किलोमीटर धरायची, की एक कडी आपोआप एक लाख किलोमीटर होते. भागाकारच नको. पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ९६ लाख किलोमीटर, म्हणजे रस्त्यावर १४ साखळ्या ९६ कड्या. आकडे तेच! बुध ५ साखळ्या ७९ कड्या. शुक्र १० साखळ्या ८२ कड्या. मंगळ २२ साखळ्या ७९ कड्या. गुरू ७७ साखळ्या ८५ कड्या, म्हणजे मैलाला थोडा कमी. शनी १४३ साखळ्या २० कड्या. युरेनस २८६ साखळ्या ७० कड्या. नेपच्यून ४५१ साखळ्या ५० कड्या, म्हणजे पाच मैल साडेएक्कावन्न साखळ्या. रस्ता पुरतो!

आणि या मापाने पृथ्वी किती मोठी? एक इंच. बरोब्बर एक इंच. सूर्य नऊ फूट दोन इंच. सगळ्यात जवळचा तारा बसवायचा म्हटलं तर दगड घेऊन पन्नास हजार मैल चालावं लागेल, म्हणजे या खऱ्या पृथ्वीला दोन फेऱ्या.

ज्याने ही साखळी काढली त्याला लाख-कोटी माहीत नव्हते आणि ज्यांनी लाख-कोटी काढले त्यांना साखळी. दोघांची गाठ मी घालून दिली. हे आज, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी. मुद्दाम वेळ लिहितो.

१६ नोव्हेंबर

कोष्टक मंजूर. साहेब म्हणाले, "काका, शाळेतलं पोरही पाठ करेल हे." जावईबापू म्हणाले, "जागा यंत्राने दाखवून देऊ का, बाबा? अर्ध्या दिवसाचं काम."

असं आहे तर. कल्पना माझी, आणि दगड यांच्या यंत्राने बसायचे. मग मोजणी कुणाची लिहायची? मी म्हणालो, "साखळीतली अंतरं साखळीनेच मोजली जातील." साहेबांना पटलं. बापू खाली बघून हसले. ते हसणं मी नोंदवून ठेवतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोजणीचा पहिला दिवस. माझा जुना जोडीदार वारल्यापासून साखळीचं पुढचं टोक हीच धरते. ही खुंट्या घेऊन पुढे, मी मागून दिशा देणार. सायकल दुकानवाला ओरडला, "काका, काकूंना साखळदंड घालून कुठं चाललात?" ही म्हणाली, "एकतीस वर्षं झाली, तुला आज दिसला होय रे?"

मंगळापर्यंत चारही ग्रहांच्या खुणा झाल्या, मजूर उद्या दगड पुरतील. मग सहज म्हणून मैलाच्या जुन्या दगडांमधलं अंतर मोजलं. ऐंशी साखळ्या भरायला हव्यात. भरल्या एकोणऐंशी साखळ्या सदुसष्ट कड्या! तेहतीस कड्या कमी. पुढचा मैल मोजला, पुन्हा तेहतीस कमी. तिसरा, तेहतीस.

शंभर वर्षं लोक या दगडांवर विश्वास ठेवून चालत आले. ज्या कुणी ते रोवले त्याने मैलामागे बावीस फूट खाल्ले. आणि काय नेमका माणूस! दर मैलाला तेवढेच. चोर खरा, पण शिस्तीचा.

घरी आल्यावर हिने साखळीला तेल लावलं. कड्यांच्या मधल्या रिंगा बोटांत फिरवत म्हणाली, "अहो, या बघा कशा झाल्यात. माझ्या आईची अंगठी शेवटी अशी कागदासारखी झाली होती."

मी म्हटलं, "अंगठी सोन्याची होती. हे लोखंड आहे."

३० नोव्हेंबर

गुरू आणि शनी झाले. शनीपर्यंत जाऊन यायला सकाळचे सात ते दुपारचे दोन. हिचे पाय सुजले. म्हणाली, "पुढच्या जन्मी मला शुक्रापर्यंतच नेणारा नवरा मिळू दे."

युरेनस आणि नेपच्यूनचे दगड म्हणे खाणीतून आलेच नाहीत. हे सांगायला कोण यावं? जावईबापू. दगडांची जबाबदारी त्यांच्याकडे कधी गेली, मला कुणी सांगितलं नाही.

४ डिसेंबर

लेक-जावई जेवायला. बापू दोन पोळ्या जास्त खातात तेव्हा त्यांना काहीतरी विचारायचं असतं. आजही तेच.

"बाबा, ते मैलाचे दगड मी यंत्राने बघितले. बरोबर आहेत."

"किती बरोबर?"

"बोटभरसुद्धा फरक नाही."

चोराला साक्षीदार मिळाला! मी त्यांना भाजी वाढली. थोड्या वेळाने: "साखळी शेवटची तपासली कधी होती, बाबा?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मोजणी कचेरीच्या अंगणात सहासष्ट फुटांवर दोन पितळी खुणा होत्या, साखळी त्यांच्यावर ताणून बघायची. एकोणीस वर्षांपूर्वी मी शेवटची बघितली, तंतोतंत होती. मग अंगणात फरशी घातली आणि खुणा गेल्या खाली. यात माझा काय दोष? मी म्हणालो, "माझी कडी वाकली तर मी त्याच दिवशी ठोकून सरळ करतो. वाकलेल्या कडीने साखळी आखडते, एवढं मला कळतं. तुमच्या यंत्राला कोण ठोकतं?"

लेक म्हणाली, "बाबा, ते साधं विचारताहेत."

साधं! जाताना बापूंनी पिशवीतून नवी कोरी पोलादी टेप काढून टेबलावर ठेवली. शंभर फुटी. म्हणाले, "असू द्या, तुमच्यासाठी." माझा वाढदिवस जूनमध्ये असतो.

ती मी डब्यातून न काढता माळ्यावर टाकली आहे.

७ डिसेंबर

आज लेकीला पुढे केलं. "बाबा, नगरपालिका जुन्या वस्तूंचं दालन करते आहे. तुमची साखळी काचेच्या पेटीत ठेवायची म्हणतात. खाली तुमचं नाव."

"जिवंत माणसाला कुणी काचेत ठेवतं का?"

"तुम्हाला नाही हो, साखळीला."

"तेच ते."

आधी तपासणी विचारली, मग टेप दिली, आता साखळीच मागतात. साखळी गेली की मी कोण? कुणीही. पेटीला आजपासून कुलूप.

१४ डिसेंबर, रविवार

हे पान पुढे पुरावा म्हणून लागेल, म्हणून अक्षर स्वच्छ ठेवतो.

बुधवारपासून तीन दिवस बाहेरगावी मोजणीला गेलो होतो. आज कालव्यावर गेलो. गुरूच्या दगडाभोवती माती ओली, ताजी. पलीकडे वीस-एकवीस फुटांवर बुजवलेला खड्डा. दगड सूर्याच्या बाजूला सरकवला आहे! तसाच पुढे गेलो. शनीचाही. तिथं तर जवळपास चाळीस फूट.

परत येऊन हिला घेऊन गेलो, पुन्हा मोजणी. मंगळ जागेवर, २२ साखळ्या ७९ कड्या. गुरू ७७ साखळ्या ५३ कड्या, बत्तीस कमी. शनी १४२ साखळ्या ६१ कड्या, एकोणसाठ कमी.

जवळच खोरी धुणाऱ्या मजुराला विचारलं. तो म्हणाला, "इंजिनिअर साहेब उभे होते. आम्हाला काय, इथं खणा म्हटलं की इथं."

परत आल्यावर ही दारात म्हणाली, "आधी त्यांना विचारा."

विचारू? आणि त्यांनी दोन पोळ्या जास्त खाऊन काहीतरी गोड सांगावं? उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर यंत्र लावणार, दगड चुकले म्हणून दाखवणार आणि नाव खोडणार. चित्र स्पष्ट आहे.

१५ डिसेंबर

मोठ्या साहेबांकडे लेखी तक्रार दिली. दोन प्रती, पोच घेतली. मजकूर: "अज्ञात इसमाने मंजूर मोजणीचे दगड दुष्ट हेतूने हलवले असून संबंधितावर कारवाई व्हावी." नाव लिहिलं नाही. नाव लिहिणं माझ्या स्वभावात नाही.

१७ डिसेंबर

उत्तर नाही. ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीठ कमी असलं तर मी उठून घेतो.

१९ डिसेंबर

लेक आली. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाबा, चौकशी लागलीय त्यांच्यावर. सोमवारी. मजुरांनी नाव सांगितलं. बावीस तारखेलाच कायम करायची यादी निघायची होती, त्यांचं नाव बाजूला ठेवलंय."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"हो. फार उपकार."

"दगड का हलवले ते त्यांनी सांगावं. लपवण्यासारखं नसेल तर सांगायला काय जातं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी पाढा चुकला की मी तिच्याकडे असंच बघायचो. म्हणाली, "मीही तेच सांगते त्यांना. चार दिवस झाले सांगतेय. ते म्हणतात, नोकरी दुसरी मिळेल, बाबांना दुसरं काय मिळणार?"

"म्हणजे काय?"

"ते तुम्हीच शोधा. गणित तुमचं पक्कं आहे ना?"

आणि गेली. पाणीही घेतलं नाही. ही आतून बाहेर आली, दार लावलं आणि मला म्हणाली, "आज भात तुमचा तुम्ही लावा."

या वाक्याचा अर्थ काय असेल? 'बाबांना दुसरं काय मिळणार.' धमकी म्हणावी तर धमकीत एवढी काळजी नसते.

२० डिसेंबर, शनिवार

सोमवारच्या चौकशीत पुरावा म्हणून द्यायला सगळ्या तुटी एका कागदावर मांडल्या. किती सरकवलं याचं प्रमाण काढलं, म्हणजे हेतू सिद्ध होतो.

गुरू: सुमारे अठ्ठ्याहत्तर साखळ्यांत बत्तीस कड्या. शंभर साखळ्यांना एक्केचाळीस.

शनी: एकशे त्रेचाळीसमध्ये एकोणसाठ. शंभरला एक्केचाळीस.

मुद्दाम, ठरवून, प्रमाणात सरकवलेले! असा शेरा लिहिला. मग सवयीप्रमाणे खाली मैलाच्या दगडांची तूटही मांडली, कारण एकदा काढलेला आकडा वाया घालवायचा नाही. ऐंशीत तेहतीस. शंभरला एक्केचाळीस.

पेन थांबलं.

शंभर वर्षांपूर्वी मैलाचे दगड रोवणारा माणूस आणि परवा गुरू-शनी हलवणारा माणूस, दोघांनीही शंभराला एक्केचाळीसच कड्या खाव्या? एकमेकांना न भेटता? या दोघांना ओळखणारा तिसरा कोण? मी फक्त. मी आणि ही पेटीतली साखळी.

दोन तास बसून होतो. ही चहा ठेवून गेली, तो तसाच. शेवटी माळ्यावर चढलो. शिडी कुणी धरली, ते खाली उतरल्यावर कळलं.

२१ डिसेंबर, रविवार

शाळेच्या मैदानावर सकाळी सहा चाळीसला. टेप जमिनीवर, शेजारी साखळी. ही एका टोकाला, मी दुसऱ्या.

सहासष्ट फूट सव्वातीन इंच.

म्हटलं, जास्त ताणली असेल. ढिली केली. सव्वातीन. टेप उलटी धरली. सव्वातीन. ही म्हणाली, "अजून कितीदा?" मी म्हटलं, "तीनदा झाली. बस."

कडी आणि कडी यांच्यामध्ये तीन-तीन रिंगा. लोखंडावर लोखंड घासतं अशा जागा साऱ्या साखळीत आठशेच्या आसपास. सव्वातीन इंच भागिले आठशे: प्रत्येक जागी एक केस. एका जागी बघितलं तर दिसणार नाही. मी एकोणीस वर्षं एकेकच जागा बघत आलो. वाकलेली कडी आखडते, ते मला ठाऊक होतं. झिजलेली वाढवते, तेही ठाऊक होतं, पुस्तकात वाचलं होतं. ते दुसऱ्यांच्या साखळ्यांबद्दल आहे असं धरून चाललो.

साखळी लांब, म्हणून मैल कमी भरला. साखळी लांब, म्हणून माझा शनी एकोणचाळीस फूट पलीकडे गेला. बापूंनी दगड हलवला नाही. बापूंनी तो जागेवर आणला, मी गावाला गेलो असताना, कुणाला कळू न देता. दालन, काचेची पेटी, टेप: आता सगळं ओळीने लागतं. खाणीतले दगड तर कधीचे आलेले असणार, मला थांबवायला ठेवून दिलेले.

पण खरी गोष्ट दगडांची नाहीच. बापू उद्या खरं बोलले तर नोकरी वाचते आणि माझी एकोणीस वर्षांची मोजणी उघडी पडते. लांब साखळीने जमीन कमी भरते. एकरामागे साडेतीनशे चौरस फूट, म्हणजे एक बऱ्यापैकी खोली आणि तिच्यापुढचा ओटा. ज्याने विकली त्याने तेवढी फुकट दिली. आणि त्या कागदांवर सही माझी. म्हणून ते गप्प.

मीही गप्प राहिलो तर? तक्रार मागे घेतो, गैरसमज झाला म्हणतो. गावात माझं नाव राहतं. पण दगड तर त्यांनीच हलवले, त्याचं कारण विचारलंच जाणार आणि ते सांगणार नाहीत.

हे वाक्य लिहून पाहिलं. लिहिल्यावर वाचवेना.

२२ डिसेंबर

साहेबांच्या खोलीत बापू उभे, कारकून लिहायला बसलेला. साहेब त्यांना म्हणत होते, "लेखी उत्तरात तुम्ही म्हणता, 'दगड मी हलवले, कारण सांगू इच्छित नाही.' ही काय भाषा झाली?"

मी आत शिरलो. साखळी खांद्यावर होती. म्हटलं, "साहेब, कारण मी आणलंय."

बापू पटकन म्हणाले, "बाबा, तुम्ही घरी जा."

"तुम्ही मध्ये बोलू नका. माझा जबाब आहे."

कारकुनाला सावकाश सांगितलं, म्हणजे त्याला नीट लिहिता येईल. साखळी सहासष्ट फूट सव्वातीन इंच. दगड चुकीच्या जागी मी ठेवले. इंजिनिअरांनी दोन बरोबर जागी आणले. शेवटची तपासणी एकोणीस वर्षांपूर्वी. त्यानंतर मोजलेल्या जमिनी चारशे बारा, यादी सोबत जोडली आहे, फरक एकरामागे एक खोली आणि ओटा. कोणत्या वर्षी साखळी किती वाढलेली होती ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्या संशयित धराव्यात.

कारकून थांबला. साहेब म्हणाले, "काका, दगडांचं ठीक आहे. ही जमिनींची यादी तुम्हाला कुणी मागितली?"

"कुणी नाही."

"मग कशाला देताय?"

"आकडा अर्धाच सांगायची मला सवय नाही."

साहेबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, गुरू-शनी तर जागेवर आलेच, विषय संपला. मी म्हणालो, संपला नाही, आतले चारही हलवावे लागतील; बुध पावणेएकोणीस इंच पलीकडे आहे.

"अहो, दीड फुटासाठी दगड उपटायचा?"

"साहेब, दोन लाख सदतीस हजार किलोमीटर होतात."

कारकून खो-खो हसला. बापू मात्र हसले नाहीत, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. साहेबांनी यादीत नाव परत घालायला सांगितलं. सूर्याच्या दगडावर काय लिहायचं, विचारलं. मी म्हटलं, "'कल्पना' खाली माझं. 'मोजणी' खाली त्यांचं." हे सांगणं जड गेलं. ते इथं लिहितो, कारण वही खोटी होऊ नये.

२४ डिसेंबर

काल दिवसभर कुणी आलं नाही. आज बेकरीवाला आला. एक एकर विकली होती त्याने. दारातूनच म्हणाला, "माझी खोली आणि ओटा कुठाय?" यादी फुटली तर. अजून येतील.

संध्याकाळी बापू आले. एकटे. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"तक्रारीत 'अज्ञात इसम' लिहिलंत."

"हो."

"खरंच माहीत नव्हतं?"

मी या वहीतली पानं आठवली. त्यांत अज्ञात असा कुणी नाही. म्हणालो, "माहीत होतं. नाव लिहिलं असतं तर लेक या घरी आली नसती."

"मीही उत्तरात साखळीचं लिहिलं नाही."

"का?"

"लिहिलं असतं तर ती माझ्या घरी राहिली नसती." मग त्यांचा आवाज चढला. पाच वर्षांत पहिल्यांदा. "पण तुम्ही मला चोर समजलात, बाबा. माझ्या ताटात वाढताना समजत होतात. मला कळत नव्हतं असं वाटलं?"

चुकलो म्हणालो. इतकं हळू म्हणालो की आतून ही ओरडली, "ऐकू नाही आलं!" मग मोठ्याने म्हणालो.

बापू भिंतीला टेकले. "चारशे बारा जागा. रविवारी-रविवारी केल्या तर यंत्राने दिवसाला दहा होतील."

"बेचाळीस रविवार," मी म्हणालो. "शेवटच्या दिवशी दोनच."

"बरं, बेचाळीस."

"तुम्ही कशाला पण?"

"मग काय त्या साखळीने मोजणार आहात?"

आतून ही पुन्हा ओरडली, "मी आता टोक धरणार नाही, सांगून ठेवते!"

२८ डिसेंबर, रविवार

पहिली जागा बेकरीवाल्याची. विकणारा तो एका कोपऱ्यात, घेणारा सुतार दुसऱ्या. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. सुतार पुटपुटला, "आता खोली पाडा म्हणाल." बेकरीवाला म्हणाला, "आधी मोजू तर दे त्यांना."

मी बापूंना विचारलं, "यंत्राचं दुसरं टोक कुणी धरायचं?"

"याला टोक नसतं, बाबा. समोर कोपऱ्यावर काठी धरून उभं राहावं लागतं. काठीला आरसा आहे, त्यात बघून ते मोजतं."

"आणि दिशा कोण देतं?"

"मी."

काठी घेतली. तिच्यावर एक छोटा पाण्याचा बुडबुडा आहे, तो मधोमध राहिला की काठी सरळ. कोपऱ्याच्या खुंटीवर टोक टेकवलं, बुडबुडा मध्ये आणला, श्वास रोखला. एकतीस वर्षं मी मागे उभा राहून माणसांना डावं-उजवं सांगत आलो. माझ्यासारखी काठी या गावात कुणी सरळ धरली नसेल.

बापूंनी यंत्रातून बघितलं. डोकं वर केलं, पुन्हा बघितलं.

"बाबा, किंचित डावीकडे."

माझ्या मते मी बरोबर जागी होतो.

सरकलो.